पुनर्चक्रित वस्त्रांची पर्यावरणस्नेही कसोटी : कडेगाव परिसराच्या विशेष संदर्भात

गोषवारा

टाकाऊ प्लॅस्टिकच्या बाटल्या, जुने कपडे आणि कापड उद्योगातील चिंध्या यांपासून तयार होणाऱ्या वस्त्रांना अलीकडे 'पर्यावरणस्नेही' असे संबोधले जाते. मात्र पुनर्चक्रणाच्या सर्वच पद्धती सारख्या प्रमाणात पर्यावरणस्नेही नसतात. प्रस्तुत लेखात जुन्या लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंतची ग्रामीण परंपरा, बोहारणीचा व्यवसाय, पानिपतचा चिंधी उद्योग आणि बाटलीपासून होणारा पॉलिएस्टर धागा यांचा तौलनिक विचार केला आहे. कडेगाव-विटा परिसरातील गलाई व्यवसायाचा दाखला घेऊन, वस्त्राचे पुनर्चक्रण त्याच्या मूळ तंतूवर कसे अवलंबून असते हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : पुनर्वापर, पुनर्चक्रण, गोधडी, शॉडी, पुनर्चक्रित पॉलिएस्टर, मिश्र तंतू.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजांपैकी वस्त्र ही गरज आज केवळ गरज राहिलेली नाही. यंत्रयुगाने कापड स्वस्त केले, कृत्रिम तंतूंनी ते अधिक स्वस्त केले आणि बदलत्या फॅशनने त्याचे आयुष्य कमी केले. परिणामी कापड तयार करताना होणारे प्रदूषण आणि वापरून झाल्यावर होणारा कचरा असे दुहेरी संकट उभे राहिले आहे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एकूण साहित्यापैकी १ टक्क्याहूनही कमी साहित्य पुन्हा नव्या कपड्यांत रूपांतरित होते. भारतापुरते बोलायचे तर 'फॅशन फॉर गुड' या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात देशात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन वस्त्रकचरा जमा होतो, असा अंदाज वर्तविला आहे. त्यांपैकी सुमारे निम्मा कचरा देशातील ग्राहकांनी वापरून टाकलेल्या कपड्यांचा आहे.

या पार्श्वभूमीवर पुनर्चक्रित वस्त्रांचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. तथापि स्वागताबरोबर परीक्षाही आवश्यक आहे. ती परीक्षा कोणत्या निकषांवर करावी, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

या विषयाच्या चर्चेत तीन भिन्न क्रिया अनेकदा एकाच नावाखाली येतात. पहिली क्रिया म्हणजे पुनर्वापर. यात वस्त्र आहे त्याच रूपात दुसऱ्याच्या अंगावर जाते. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला होतो, हे याचे साधे उदाहरण होय. दुसरी क्रिया रूपांतराची. यात कापड कापडच राहते, त्याचे काम तेवढे बदलते, उदाहरणार्थ लुगड्याची गोधडी होते. तिसरी क्रिया म्हणजे खऱ्या अर्थाने पुनर्चक्रण. यात कापड मोडून त्याचा तंतू किंवा त्या तंतूतील मूळ रासायनिक द्रव्य परत मिळविले जाते आणि त्यापासून नवे सूत काढले जाते.

पहिल्या क्रियेला जवळजवळ ऊर्जा लागत नाही. दुसरीला सुई, दोरा आणि मनुष्याचे श्रम लागतात. तिसरीला यंत्र, वीज, पाणी आणि कित्येकदा रसायने लागतात. त्यामुळे वस्त्र शक्यतो वरच्या पायरीवर राखावे आणि तेथे निरुपयोगी झाल्यावरच खालच्या पायरीवर उतरवावे, हा या क्षेत्रातील सर्वमान्य क्रम आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील गृहिणींनी हा क्रम कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय अनेक पिढ्या पाळला होता.

लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंत : एक ग्रामीण साखळी

सांगली जिल्ह्याचा कडेगाव तालुका हा पूर्वी खानापूर तालुक्याचा भाग होता. येरळा नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश पर्जन्यछायेचा. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येण्यापूर्वी येथील शेती प्रामुख्याने पावसावर विसंबून होती. अशा प्रदेशात कापड ही जपून वापरण्याची वस्तू होती. सुती वा इरकली लुगडे मध्यभागी विरले की ते टाकून दिले जात नसे. विरलेला भाग काढून टाकून दोन्ही चांगले तुकडे जोडले जात. यालाच 'दंड घालणे' म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसले जाई.

तेही नेसण्याजोगे राहिले नाही की त्याची पुढची वाटचाल सुरू होई. मऊ झालेल्या भागाचे तान्ह्या बाळासाठी दुपटे, टोपडे वा कुंची होई आणि लांब भागाची पाळण्याची झोळी. उरलेली लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने वाकळ शिवली जाई. वाकळ फाटली की तिचे बस्कर होई. त्याहून लहान तुकड्याची पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ होई आणि अगदी शेवटी जमीन सारवण्याचे पोतेरे. पोतेरे झिजून मातीत मिसळे. कापूस ज्या मातीतून आला त्या मातीत तो परत जाई आणि मागे काहीही उरत नसे.

या साखळीतील गोधडी वा वाकळ ही वस्तू विशेष अभ्यासण्याजोगी आहे. वाकळीच्या उबेचे कारण कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा हे आहे. हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने अंगातील ऊब बाहेर जात नाही. जवळजवळ घातलेला धावदोरा हे थर सरकू देत नाही आणि विरलेल्या कापडालाही बळकटी देतो. कमकुवत झालेल्या अनेक कापडांपासून एक भक्कम वस्तू निर्माण करण्याचे हे तंत्र आहे. बंगालमधील कांथा आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या गोधड्या याच तंत्राची भावंडे होत.

ही सारी साखळी एका गृहीतावर उभी होती. ते गृहीत म्हणजे घरात येणारे बहुतेक कापड सुती असणे. सुती कापड धुण्यागणिक मऊ होते, घाम शोषते आणि अखेरीस कुजते. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्के. साहजिकच टेरिकॉट आणि पुढे पॉलिएस्टर साड्या घरोघरी आल्यावर या साखळीच्या कड्या एकामागून एक निखळू लागल्या. पॉलिएस्टरच्या साडीचे दुपटे बाळाचा ओलावा टिपत नाही. तिचे पोतेरे पाणी शोषत नाही. तिच्या वाकळीत थर निसटतात आणि अंग घामेजते. ती लवकर विरत नाही हा तिचा गुण, पण ती कुजतच नाही हा तिचा दोष ठरतो. परंपरा लोप पावण्याचे खापर नव्या पिढीच्या आळसावर फोडले जाते. वस्तुतः कच्चा मालच बदलला, हे त्यामागील महत्त्वाचे कारण आहे.

बोहारीण, पानिपत आणि 'शॉडी'

घरातील साखळीबाहेर पडणाऱ्या कपड्यांसाठी समाजाने आणखी एक व्यवस्था निर्माण केली होती. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देणारी बोहारीण ही महाराष्ट्राच्या शहरांत आणि मोठ्या गावांत सुपरिचित व्यक्ती होती. या व्यवसायात मूळ गुजरातच्या वाघरी समाजातील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. एका भांड्यासाठी किती कपडे द्यायचे यावर दारात होणारी घासाघीस हा मराठी विनोदाचा विषय झाला, पण त्या स्त्रीच्या कौशल्याकडे क्वचितच कोणी लक्ष दिले. कोणते कापड दुरुस्त करून विकता येईल, कोणते पुसण्याच्या फडक्यासाठी जाईल आणि कोणते केवळ चिंधी म्हणून तोलावे लागेल, याचा निर्णय ती कापडाला हात लावून क्षणात घेते. पुनर्चक्रण उद्योगात आज ज्याला वर्गीकरण म्हणतात आणि ज्यासाठी प्रगत देशांत प्रकाशकिरणांनी तंतू ओळखणारी यंत्रे बसविली जातात, तेच हे काम होय. लुसी नॉरिस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिल्लीतील या व्यापाराचा सविस्तर अभ्यास मांडला आहे.

चिंधीपासून पुन्हा सूत काढण्याचा कारखानदारी प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. यॉर्कशायर परगण्यातील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यात नवी लोकर मिसळून कापड तयार केले. या कापडाला 'शॉडी' हे नाव पडले. पुढे अमेरिकन यादवी युद्धात अशा कापडाचे निकृष्ट गणवेश सैनिकांना पुरविले गेले आणि 'शॉडी' या शब्दाला इंग्रजीत 'निकृष्ट' हा अर्थ चिकटला. मराठीतही 'चिंधी' हा शब्द क्षुद्रपणासाठी वापरला जातो. टाकाऊ कापडाविषयीची तुच्छता दोन्ही भाषांत सारखीच उमटलेली दिसते.

भारतात या उद्योगाचे केंद्र हरियाणातील पानिपत हे आहे. परदेशांतून आलेले आणि देशात जमा झालेले जुने कपडे येथे रंगानुसार वेगळे केले जातात. त्यांची बटणे, चेन, अस्तर काढून टाकले जाते, कापड यंत्रात फाडून पिंजले जाते आणि त्यापासून जाडसर सूत काढले जाते. रंगानुसार वर्गीकरण केल्याने सुताला पुन्हा रंगविण्याची फारशी गरज पडत नाही. त्यामुळे रंगाईचे पाणी आणि रसायने वाचतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांचा मोठा पुरवठा पानिपतने केला आहे. मात्र पिंजताना तंतू तुटतो. आखूड तंतूचे सूत बारीक निघत नाही आणि मजबूतही होत नाही. म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावा लागतो. गेल्या काही वर्षांत नव्या पॉलिएस्टरच्या हलक्या, मऊ आणि स्वस्त ब्लँकेटांनी पानिपतमध्येच शॉडीला मागे सारले. नवे तंतू जुन्यापेक्षा स्वस्त पडू लागले की पुनर्चक्रण मागे पडते, हा त्याचा धडा आहे.

बाटलीपासून धागा

आज बाजारात 'पुनर्चक्रित' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्त्रांपैकी फार मोठा हिस्सा जुन्या कपड्यांपासून झालेला नसून पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांपासून झालेला असतो. हे शक्य होते याचे कारण रासायनिक आहे. १९४१ मध्ये जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये शोधून काढलेला पॉलिएस्टर तंतू आणि आजची पारदर्शक बाटली, दोन्ही पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट या एकाच बहुवारिकापासून होतात. बाटल्यांची झाकणे व लेबले काढून त्या धुतल्या जातात, त्यांचे बारीक तुकडे केले जातात, सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून ते वितळविले जातात आणि चाळणीसारख्या सूक्ष्म छिद्रांतून दाबून त्यांचे तंतू काढले जातात. वितळलेल्या अवस्थेतच रंग मिसळला तर वेगळ्या रंगाईसाठी लागणारे पाणीही वाचते.

अमेरिकेतील पॅटागोनिया कंपनीने १९९३ मध्ये अशा धाग्याचे उबदार कपडे बाजारात आणले. भारतात या वस्त्रांना व्यापक प्रसिद्धी मिळाली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. इंडियन ऑइलने 'अनबॉटल्ड' या उपक्रमाखाली बाटल्यांपासून केलेले गणवेश सादर केले आणि ८ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी अशाच कापडाचे जाकीट घालून संसदेत आले. त्या कापडाची निर्मिती तमिळनाडूतील करूर येथील कारखान्यात झाली होती. पुण्यातील 'रिचरखा' व 'इकोकारी' या उपक्रमांनी वेगळा मार्ग निवडला. तेथे प्लॅस्टिकच्या पिशव्या व वेष्टने न वितळविता त्यांच्या पट्ट्या कापून, चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणल्या जातात. हे कापड अंगावर घालण्यासाठी नव्हे, तर पिशव्या आणि तत्सम वस्तूंसाठी उपयोगी पडते.

बाटलीच्या धाग्याचे लाभ निर्विवाद आहेत. नवे खनिज तेल कमी लागते आणि ऊर्जाही वाचते. तथापि त्याच्या दोन मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की, बाटलीपासून पुन्हा बाटली करता येते आणि ते चक्र अनेक वेळा फिरू शकते. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी पुनर्चक्रित प्लॅस्टिकच्या वापराचा मार्ग मोकळा केला. त्याउलट बाटलीचा शर्ट झाला की त्या शर्टाचे पुढे काय करायचे याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे चक्र न फिरता तेथेच थांबते.

दुसरी मर्यादा धुण्यातील आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या संशोधनानुसार ६ किलो कृत्रिम कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात. तंतू नवा असो वा पुनर्चक्रित, पॉलिएस्टरचा हा स्वभाव बदलत नाही. नवरात्रापूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची प्रथा पश्चिम महाराष्ट्रात आहे. सुती वाकळीचे तंतू पाण्यात गेले तरी ते कुजतात, पॉलिएस्टरच्या ब्लँकेटाचे तंतू मात्र पाण्यात आणि गाळात साचत राहतात.

गलाईचा दाखला

हा विषय समजून घेण्यासाठी कडेगाव-विटा परिसरातच एक उत्तम दाखला उपलब्ध आहे. दुष्काळामुळे खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या भागांतील असंख्य कुटुंबे गलाई व्यवसायासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली. जुने दागिने आणि सराफी दुकानांतील कचरा गाळून त्यातून शुद्ध सोने-चांदी काढणे हे गलाई कारागिराचे काम. नायट्रिक आम्लात चांदी आणि तांबे विरघळतात, सोने तळाशी उरते आणि पुढे विरघळलेली चांदीही परत मिळविता येते. टाकाऊतून मौल्यवान वस्तू मिळविण्याची ही विद्या या मातीतील माणसांनी भारतभर नेली.

वस्त्राच्या पुनर्चक्रणाशी तिची तुलना केली असता दोन भेद ठळकपणे दिसतात. सोने कितीही वेळा गाळले तरी त्याचा कस उणा होत नाही. कापसाचा तंतू मात्र प्रत्येक पिंजणीत आखूड होतो. दुसरे असे की, सोने, चांदी आणि तांबे वेगळे करण्याची पद्धत छोट्या दुकानातही चालते. कापूस आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात पिळले गेले की ते वेगळे करणे अत्यंत अवघड होते. यंत्राने पिंजले तर दोन्ही एकत्रच पिंजले जातात. वितळवू म्हटले तर पॉलिएस्टर वितळण्याच्या तापमानाला कापूस करपू लागतो. त्यात ताणले जाणारे इलास्टेन दोन-चार टक्के जरी असले तरी प्रक्रियेत बाधा येते. रासायनिक विलगीकरणाचे प्रयोग जगभर सुरू आहेत, पण त्यांचे अर्थकारण नाजूक आहे. जुन्या सुती कापडापासून लगदा करणाऱ्या स्वीडनमधील रिन्यूसेल कंपनीने २०२२ मध्ये मोठा कारखाना सुरू केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. नंतर नव्या मालकीखाली ती पुन्हा उभी राहिली, तरी या घटनेने तंत्रज्ञान आणि बाजार यांतील अंतर दाखवून दिले.

गलाई कारागीर दागिना हाती आल्यावर प्रथम कस पाहतो. वस्त्राच्या बाबतीतही पहिला प्रश्न कसाचा, म्हणजे तंतूचा असला पाहिजे. शंभर टक्के सुती किंवा शंभर टक्के पॉलिएस्टर वस्त्राला पुढचा मार्ग असतो. मिश्र वस्त्राला तो क्वचितच असतो. म्हणून वस्त्र पर्यावरणस्नेही आहे की नाही हे बरेचसे ते शिवण्यापूर्वी, किंबहुना सूत कातण्यापूर्वीच ठरून जाते. तसेच गलाईत निघणाऱ्या आम्लाच्या वाफा कारागिराच्या छातीत जातात, त्याप्रमाणे चिंधी पिंजताना उडणारी धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते. कामगाराच्या आरोग्याची किंमत मोजणारी प्रक्रिया केवळ कचरा कमी करते म्हणून तिला निर्दोष म्हणता येणार नाही.

कसोटीचे चार प्रश्न

वरील विवेचनाच्या आधारे कोणत्याही पुनर्चक्रित वस्त्राला चार प्रश्न विचारता येतात.

१) मूळ माल कोणता? वापरलेले कपडे, कारखान्यातील कात्रण की बाटल्या? त्याचे प्रमाण किती? 'ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड' या प्रमाणकानुसार उत्पादनावर बोधचिन्ह लावण्यासाठी किमान ५० टक्के पुनर्चक्रित अंश आवश्यक असतो. नुसता 'इको' हा शब्द छापल्याने काहीच सिद्ध होत नाही.

२) नवी खरेदी टळली का? कापसाच्या एका किलोमागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. जुन्या लुगड्यांची वाकळ झाल्याने घरात नवे ब्लँकेट आले नाही, तरच बचत झाली. कपाट भरलेले असताना आणखी एक पुनर्चक्रित शर्ट विकत घेणे ही बचत नव्हे.

३) या वस्त्राचा पुढचा जन्म कोणता? ते दुरुस्त करता येईल का, त्याचे तंतू वेगळे होतील का, की ते थेट कचऱ्यात जाईल?

४) श्रमाचे मोल कोणाला मिळाले? शहरातील दालनांत गोधडी आज कलावस्तू म्हणून विकली जाते. घरात शिवली जात असताना मात्र तिच्या टाक्यांची गणना कोणी केली नाही. बोहारीण, कचरावेचक आणि वाकळ शिवणारी स्त्री यांना वगळून उभारलेला पुनर्चक्रण उद्योग पर्यावरणाचा विचार करील, समाजाचा नाही. याबाबतीत १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी स्थापन केलेल्या 'गूंज' संस्थेचे कार्य मार्गदर्शक आहे. जुने कपडे दान म्हणून न देता गावातील सामुदायिक कामाचा मोबदला म्हणून देण्याची पद्धत तिने रूढ केली. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

महाविद्यालयीन स्तरावरील शक्यता

ग्रामीण महाविद्यालयांना या विषयात प्रत्यक्ष कार्य करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. रसायनशास्त्र विभागाला ज्वलन चाचणीने तंतू ओळखण्याचे प्रात्यक्षिक घेता येईल. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन भुरकट राख ठेवतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जमा होणारे जुने कपडे सुती, कृत्रिम आणि मिश्र असे तीन भागांत वेगळे केले, तर पुढील वापर सुकर होईल. वाणिज्य विभागाला एका वाकळीला लागणारे तास मोजून तिची न्याय्य किंमत ठरविता येईल. मराठी विभागाला दंड, दुपटे, बस्कर, चुंबळ, पोतेरे यांसारख्या शब्दांचा आणि टाक्यांच्या स्थानिक नावांचा कोश तयार करता येईल, कारण वस्तू नाहीशी झाली की तिचा शब्दही फार काळ टिकत नाही. शेजारच्या विटा आणि इचलकरंजी या यंत्रमाग केंद्रांतील कात्रण व सुताच्या टाकाऊ मालाचा अभ्यास अर्थशास्त्र व भूगोल विभागांना संयुक्तपणे हाती घेता येईल.

आणखी एक छोटी सुधारणा तर उद्यापासून शक्य आहे. महाविद्यालयीन समारंभांत पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या शाली बहुतांशी कृत्रिम धाग्याच्या असतात आणि त्या वापरात न येता कपाटांत साठत जातात. त्याऐवजी परिसरातील स्त्रियांनी शिवलेली वाकळीची पिशवी वा बस्कर दिल्यास सत्काराचा मान राहील आणि श्रमाचे मोलही योग्य हाती जाईल.

निष्कर्ष

पुनर्चक्रित वस्त्र ही काळाची गरज आहे, यात शंका नाही. परंतु 'पुनर्चक्रित' आणि 'पर्यावरणस्नेही' हे शब्द समानार्थी नाहीत. बाटलीपासून झालेला शर्ट हा प्लॅस्टिकच्या कचऱ्यावरील अंशतः उपाय आहे, वस्त्रकचऱ्यावरील नव्हे. वस्त्रकचऱ्यावरील उपाय हा वस्त्र दीर्घकाळ वापरणे, त्याचे रूपांतर करणे आणि शेवटी तंतू परत मिळविणे या क्रमानेच जातो. हा क्रम ग्रामीण घरांत अस्तित्वात होता. तो एका बाजूने मिश्र व कृत्रिम कापडाने आणि दुसऱ्या बाजूने विनामोल श्रमाने खिळखिळा झाला. केवळ स्मरणरंजनाने तो परत येणार नाही. शुद्ध तंतूचे कापड निवडणे, जुन्या कापडाचे वर्गीकरण करणे आणि सुई चालविणाऱ्या हाताला रास्त मोबदला देणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच वाकळीमागचे शहाणपण नव्या काळात टिकू शकेल.